मला वास येत नव्हता

हे मी इतकी वर्षं कुठंच बोलले नव्हते. घरात नाही, माहेरी नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि तेव्हापासून — कसं सांगू — छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालंय. म्हणून तुम्हालाही सांगते.

नांदुऱ्यात आमच्या गल्लीत माझ्या नाकाचं फार नाव. मी काळा मसाला करून विकते. कढईतलं खोबरं नेमकं कधी उतरवायचं, हे मी पाठमोरी उभी राहून वासावर सांगायची. कोणाचं तूप खवट झालं, कोणाचं दूध लागलं, वाटी माझ्यापुढं यायची. आवडायचं मला ते. का नाही आवडणार?

मग साथीच्या वर्षी ताप आला आणि वास गेला. बाकीच्यांचा परत आला. माझा नाही. मी कोणाला कळू दिलं नाही. मसाला रंगावर आणि हाताच्या सवयीवर करत राहिले. कोणी वाटी पुढं केली की नाक जवळ न्यायचं, मान डोलवायची. एवढ्याशा खोट्यानं कोणाचं काय बिघडतं, असं वाटायचं.

आमच्या भिंतीला भिंत लावून शमीमभाभी राहतात. एका सकाळी त्यांनी हाक मारली.

"ताई, जरा या ना. गॅसचा वास येऊन राह्यला वाटते. तुमी पाहा बरं."

मी गेले. शेगडीशी वाकले, सिलिंडरशी वाकले, लांब श्वास ओढला. काहीच नाही. अर्थात काहीच नाही! माझ्यासाठी त्या स्वयंपाकघरात चिरलेल्या कांद्यालाही वास नव्हता. तेव्हा म्हणायचं होतं ना — भाभी, मला कळत नाही, दुसऱ्या कोणाला बोलवा? इतकं जड होतं का ते?

मी म्हटलं, "कुठं काय, भाभी? वहम आहे तुमचा."

"पेटवू मंग?"

"पेटवा ना बिनधास्त."

त्यांनी पेटवला नाही. मी निघाल्यावर त्यांनी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, लाइटच्या बटणाला हातसुद्धा लावला नाही. गॅसवाल्याला बोलावलं. रबरी नळी सिलिंडरकडच्या टोकाला चिरलेली निघाली. संध्याकाळी त्या सांगायला आल्या, तर मी काय म्हणावं? — "मी पाह्यलं तवा नव्हता हो वास. मागून सुटला असन."

"तसंच असन," त्या म्हणाल्या.

त्यावर वर्षं गेली. आणि गेल्या आठवड्यात माझीच शेगडी बिघडली. ज्योत पिवळी यायची, फडफडायची, आपोआप विझायची. बर्नर काढला, भोकं टाचणीनं मोकळी केली, कोरडा करून बसवला. तरी तेच. ज्योत विझल्यावर किती गॅस सुटला, अजून सुटतोय का — मला कसं कळणार? घरात मी एकटी. हातात लायटर. अंगठा दाबायला गेला आणि तिथंच थांबला. लायटर ठेवला, रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली, आणि तशीच शेजारी गेले.

"भाभी, माह्या घरी वास घेऊन पाहा. मले येत नाही."

"सर्दी झाली का?"

"नाही. त्या तापापासूनच येत नाही."

"म्हंजे, माह्या नळीच्या वक्ताले बी?"

"हाव."

त्या माझ्यामागं आल्या. दारातच म्हणाल्या, "आहे वास." घर चांगलं हवेशीर झाल्यावर त्यांनी साबणाचा फेस केला, क्षणभर गॅस सोडून जोडांवर, बटणांवर लावला. शेगडीच्या बटणाशी बुडबुडे आले. लगेच बंद केलं. आणि मग त्या एकदम हसल्या.

"म्हंजे माहं नाक बरोबर होतं! मले वाटे, मीच वहमी. तवापासून पेटवायच्या आधी कितीदा तरी हुंगून पाहतो मी. तरी भरोसा येत नाही."

इथं थांबता आलं असतं. त्या हसत होत्या, मीही हसू शकले असते. पण आता निघालंच होतं, तर सगळंच निघालं.

"भाभी," मी म्हटलं, "पेटवा म्हटलं आणि मी तुमच्या घरातून घाईघाईनं बाहेर पडली. मले भेव वाटत होतं. तुमचं नाक खरं असन, हे मले ठाऊक होतं."

त्यांचं हसू गेलं. हातावरचा फेस त्यांनी नळाखाली धुतला, पदराला हात पुसले आणि गेल्या. अजून नीट बोललेल्या नाहीत. बोलाव्यात असं माझं म्हणणंही नाही.

घरात सगळ्यांना सांगितलं. मसाला न्यायला आलेल्यांनाही सांगते, वास तुम्हीच घेऊन पाहा. आणि ज्या दिवशी भाभी तशा निघून गेल्या, त्या रात्री मला गाढ झोप लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली.