देवाच्या काठीला लावलेली दुर्बीण

हिंदुराव आणि माझी ओळख माझ्या मरणामुळे झाली. पासष्टच्या लढाईनंतर आमच्या मंडळीने एक सैनिकी नाटक बसवलं होतं. शेवटच्या अंकात मला गोळी लागायची आणि मी एक लांबलचक स्वगत म्हणून प्राण सोडायचो. पुढच्या रांगांत रुमाल निघायचे. एका प्रयोगानंतर रंगपटाच्या दारात एक उंच, ताठ माणूस येऊन उभा राहिला. रजेवर आलेला हवालदार, वारज्याचा. नमस्कार करून म्हणाला, "काम झ्याक केलंत. पण गोळी लागल्यावर माणूस एवढं बोलत न्हाई. आन् बंदूक तुम्ही केरसुणीसारखी धरताय."

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या लाकडी बंदुकीवर मला तासभर राबवलं. खांदा कुठे, गाल कुठे, श्वास कधी सोडायचा, सगळं. स्वगत मात्र मी कमी केलं नाही. रुमालांचा प्रश्न होता.

ती मैत्री पुढे टिकली. हिंदुराव निवृत्त होऊन वारज्याला परतले आणि वडिलांच्या रानात वांगी, मेथी लावू लागले. मीही हळूहळू रंगभूमीवरून उतरलो. कसब्यात माझ्या शेजारी राहणारे गोपाळकृष्ण परचुरे शाळेत विज्ञान शिकवत आणि एका नेमबाजी क्लबचे कप्तान होते. शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी क्लबचं मैदान होतं. हिंदुरावांना मी परचुऱ्यांकडे नेलं आणि पुढच्या रविवारपासून हिंदुराव सायकलला परवान्याची रायफल बांधून मैदानावर येऊ लागले. त्यांच्यामागे मीही जायचो. मला नेम धरता येत नसे, पण चहाची किटली धरता येई.

हिंदुरावांच्या रायफलीवर दुर्बीण होती. ती कशी चालते ते मला तिथेच कळलं. आत दोन बारीक तारा असतात, एक उभी, एक आडवी, आणि त्यांची फुली निशाणावर ठेवायची. वर एक गोल चकती असते. लांबच्या निशाणापर्यंत जाताना गोळी खाली पडते, म्हणून जितकं लांब मारायचं तितकी ती चकती फिरवायची. फिरवताना टिक, टिक असा आवाज येतो. हिंदुराव ते आवाज मोजत आणि मग शांतपणे घोडा दाबत. शंभर मीटर असो की तीनशे, भोकं मधल्या काळ्या गोलात. दिवाळीनंतर दरवर्षी चार क्लबांचा सामना व्हायचा. त्यातला तीनशे मीटरचा शेवटचा डाव हिंदुरावांचा, हे ठरलेलंच होतं.

मी सांगतोय त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी शंभर मीटरवर सगळं नेहमीसारखं झालं. तीनशेवर सगळ्या गोळ्या उजवीकडे गेल्या. पुढच्या रविवारी तेच. वारा नव्हता. हिंदुरावांनी चकती पुसली, स्क्रू आवळले, दुसऱ्या पेटीतली काडतुसं घेतली. गोळ्या उजवीकडेच.

परचुरे निशाणाचा कागद बघत म्हणाले, "कुठेतरी लागतायत, एवढं नक्की. मैदान मोठं आहे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच होतं आणि ते अखेर परचुऱ्यांनीच मला घरी येताना सांगितलं. जवळचं बरोबर लागतं, लांबचं लागत नाही, आणि माणूस साठीला आलेला. डोळा गेला असणार. "सामन्यात त्यांना गुण लिहायला बसवतो. मान राहील आणि संघही राहील. तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

हे सांगायला मी वारज्याला गेलो. हिंदुराव वांग्यांना पाणी देत होते. मी हवापाण्याचं बोलत राहिलो, तेव्हा तेच म्हणाले, "तुमचं स्वगत झालं का? आता निरोप सांगा."

मी सांगितला. त्यांनी पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.

"डोळा गेला असंल तर बसतो लिहायला," ते म्हणाले. "पण गेलाय का, ते कोण सांगणार?"

"डॉक्टर."

"डाक्टर नगं." ज्या माणसाने दोन लढाया पाहिल्या तो डोळ्यांच्या दवाखान्याला भीत होता. त्यांच्या पत्नी सोजरबाई भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या, "दोन म्हैनं सांगतीय मी. सुईत दोरा घालून द्याया म्होरं येत न्हाईत आताशा, मंजी कळलंच की."

"तुझी सुईच बारीक हाय," हिंदुराव म्हणाले.

परत आल्यावर मी परचुऱ्यांना म्हटलं, निकाल देण्यापूर्वी एक तपासणी करा. रायफल वाईट की माणूस, हे वेगळं काढता येतं का? परचुरे कितीही तिरके बोलले तरी हाडाचे शिक्षक. त्यांचे डोळे चमकले. "माणूसच काढून टाकू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी लाकडी घोडीवर रायफल शिकंज्यात घट्ट आवळली. रायफलीच्या पाठीवर गवंड्याची पाणपातळी ठेवून तिचा बुडबुडा मधोमध आणला. समोर एका उंच फळीवर खिळ्याला पांढरी दोरी टांगली आणि खाली शिशाचा ओळंबा सोडला. "आता नेम धरायला कुणीच नाही. चकती फिरवायची आणि फुली दोरीवरून सरळ वर-खाली जाते का बघायचं. दुर्बीण नीट असेल तर जाईल. मग दोष..." त्यांनी ओळंब्याचा झोका हाताने थांबवला.

हिंदुराव शेजारी उभे होते, हात पाठीमागे, जणू साहेबासमोर. परचुरे दुर्बिणीला डोळा लावून चकती फिरवू लागले. टिक, टिक, टिक. मग थांबले. पुन्हा खाली आणली, पुन्हा वर. मग मला म्हणाले, "आपण बघा."

मी बघितलं. सुरुवातीला फुली दोरीवर होती. चकती फिरली तशी ती सरकत दोरीपासून बाजूला गेली. मुळात आतली उभी तारच दोरीशी जुळत नव्हती, दारुड्यासारखी किंचित कलली होती. गोल निशाणावर हे कधी दिसलंच नसतं, कारण गोलाला उभं-आडवं नसतं.

"हिंदुराव, दुर्बीण कड्यांमध्ये फिरून बसली आहे," परचुरे म्हणाले. "शंभरावर आपण फुली गोळीच्या भोकाशी मिळवून घेता म्हणून कळत नाही. लांबसाठी चकती फिरवलीत की ती वर जाताना बाजूलाही जाते. डोळ्याचा संबंध नाही."

मला वाटलं हिंदुरावांना आनंद होईल. त्यांचा चेहरा उतरला.

"दोरीला वारा लागत असंल."

"पान हलत नाहीये."

"मग ओळंबा खोटा."

"ओळंबा, हिंदुराव, पृथ्वीला विचारून टांगतो," परचुरे म्हणाले.

"दुर्बीण मी सोता बसवलीय. देवाच्या काठीवर."

मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमीला ते रायफल पूर्ण खोलत, तेलपाणी करत, सोजरबाई तिला हळदकुंकू लावत. दसऱ्याला पुन्हा जोडताना ते घराच्या सपाट माळवदावर चढत आणि दुर्बिणीतून गावच्या भैरोबाच्या देवळाकडे बघत. देवळापुढे निशाणाची, म्हणजे देवाच्या झेंड्याची, उंच काठी होती. रायफल सपाट ठेवून, दुर्बिणीतली उभी तार त्या काठीशी मिळेपर्यंत ते दुर्बीण फिरवत आणि मग कडी आवळत. त्यांचे वडील दसऱ्याला कोयता आणि नांगराचा फाळ त्याच काठीला टेकवून आणायचे. कोयता गेला, फाळ राहिला, रायफल आली, आणि काठी तीच. इतकी वर्षं गोळ्या सरळ गेल्या होत्या.

"काठी कलली असेल," परचुरे म्हणाले.

हिंदुरावांनी रायफल शिकंज्यातून सोडवली. त्या संध्याकाळी आम्ही तिघे ओळंबा घेऊन वारज्याला गेलो.

देवळापुढे पावसाळ्याआधी पाइप घालायला चर खणला होता आणि तो नंतर बुजवला होता. काठीचं बूड त्या भरावाच्या कडेला. आम्ही दोरी धरली तेव्हा देवळाचे गेनबा गुरव आणि सोजरबाई दोघं तिथे होते. ओळंबा काठीपासून चांगला वीतभर लांब लोंबत राहिला. गावातून रोज हजार डोळे तिच्यावरून जात होते आणि एकालाही ती वाकडी दिसली नव्हती.

"काठी सरळच हाय," सोजरबाई म्हणाल्या. "तुमची दोरी तिरपी धरलीया. देवाला वाकडं म्हणाया जीभ कशी रेटती तुमची?"

"देव सरळच आहे, वहिनी," परचुरे म्हणाले. "जमीन खचली."

गेनबांनी बुडाशी पाय दाबून बघितला. माती भुसभुशीत लागली. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तरीच निशाण यंदा शिखरावर आपटत हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं वारंच जास्त."

अंधार पडायच्या आत गावातल्या चारजणांनी काठी सरळ केली आणि बुडाशी दगड ठोकले. हिंदुरावांनी स्वतः मुंगरी घेतली. मला दोरी धरायला दिली. ओळंबा काठीला टेकला तसं ते पहिल्यांदा हसले. घरी जाऊन दुर्बिणीची कडी सैल केली. पण काठीकडे बघितलं नाही. समोरच्या छपराच्या वाशाला ओळंबा टांगला आणि माळवदावरून त्या दोरीवर तार जुळवली.

"देवाला तरास नगं," ते मला म्हणाले. "त्याला हजार कामं."

त्यानंतर झालं ते मला आजही आवडतं. डोळा गेलेला नाही हे पक्कं झाल्यावर हिंदुराव आपणहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. सोजरबाईंना घेऊन, मला न सांगता. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, उजवा उत्तम. नेम उजव्याने धरायचा. बाहेर आल्यावर सोजरबाईंनी विचारलं, "आता सुईत दोरा?"

"डाव्यानं घालीत होतो व्हय मी?" हिंदुराव म्हणाले.

परचुऱ्यांनी त्यांना संघात घेतलं, तेही एका वाक्यात: "आपण लिहायला बसणार होतात ती खुर्ची मी घेतो."

सामन्याच्या दिवशी मी किटली घेऊन मागे उभा होतो. शेवटचा डाव लागला. हिंदुराव चटईवर पालथे पडले, चकती फिरवली, ओठ हलताना मी पाहिले. पहिली गोळी गेली. माझं लक्ष परचुऱ्यांकडे होतं. ते खुर्चीत बसून मोठ्या दुर्बिणीतून निशाण बघत होते. त्यांनी मान हलवली नाही, फक्त पेन्सिल चालू ठेवली. दुसरी, तिसरी. मला निशाण दिसत नव्हतं, पण परचुऱ्यांची पेन्सिल थांबत नव्हती, म्हणजे लिहायला तेच तेच येत असावं.

आमचा क्लब दुसरा आला. हिंदुरावांचा डाव त्या दिवसाचा सर्वांत चांगला ठरला. ते उठले, गुडघे झटकले, रायफल रिकामी करून दाखवली आणि माझ्याकडे आले. मी कपात चहा ओतला. मला काही बोलावंसं वाटत होतं, माझ्याकडे वाक्यं नेहमीच पुष्कळ असतात. त्यांनी कप घेतला आणि हाताने मला थांबवलं.

"चहा गार व्हईल," ते म्हणाले.

आम्ही टेकडीकडे तोंड करून चहा प्यायलो.