स्वच्छ स्क्रीनचा माणूस

आमच्या गुडगावच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा पुणेकर येता-जाता टेबल पुसत असतो. कीबोर्डवर बिस्किटाचा कण दिसला तरी त्याचा जीव वरखाली होतो. स्क्रीनही त्याला तशीच स्वच्छ लागते. प्रोग्रामची एकेक ओळ तो आधी इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या खिडकीत, टाकून बघतो, आणि उत्तर बरोबर आलं की स्वतःलाच "बिल्कुल!" म्हणतो. मग सगळं कंपायलरला देतो, जो अख्खा प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवतो. तिथे मात्र त्याचं डोकं फिरतं, कारण कंपायलर नुसत्या चुका दाखवून थांबत नाही, वॉर्निंगही देतो.

मानेसरच्या एका कारखान्यासाठी कामगारांच्या बस कधी सोडायच्या ते ठरवणारा प्रोग्राम करताना अशीच वॉर्निंग आली: रविवारच्या पाळीचं काय करायचं ते लिहिलेलंच नाही.

"अरे, वाच तरी," मी म्हटलं.

"वॉर्निंगच आहे यार, एरर थोडीच आहे!" म्हणत त्याने कमांडला वॉर्निंग बंद करणारा शब्द जोडला. स्क्रीन स्वच्छ झाली.

त्या रविवारी एकही बस सुटली नाही. माणसं भर उन्हात रस्त्यावर ताटकळली, आणि वर खाडाही त्यांचाच लागला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी जाब विचारला. हा टेबलावरची नसलेली धूळ झटकत शांतपणे म्हणाला, "सर, कंपायलर ने तो कुछ बताया ही नहीं."

"त्याचं तोंड तूच बंद केलंस ना!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

तो माझ्याकडे झुकला आणि मराठीत पुटपुटला, "अगं, आवाज कमी कर ना जरा."