पेटी सावलीत

"पेटी पडवेर ठेव गो. तू खळ्यातच रव."

तात्यांच्या घरी मला उद्देशून बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. बोलल्या त्या काकी, तात्यांच्या पत्नी. आवाज चढलेला नव्हता. दारातल्या मांजराला बाजूला हो म्हणावं, तितका सहज होता.

मी लसीची निळी पेटी पडवीच्या काठावर, वळचणीच्या सावलीत ठेवली आणि खाली खळ्यात, घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, उभी राहिले. लसीला ऊन लागता कामा नये, हे काकींना कुणीतरी समजावलेलं होतं. मला ऊन लागता कामा नये, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. चिऱ्याच्या पायऱ्यांतून वाफ निघत होती. कुठेतरी सुके बांगडे वाळत होते. घशाला कोरड पडली होती आणि पाणी मागायची माझी छाती झाली नाही.

सुनेने बाळ पायरीवरून खाली दिलं. तान्हा नातू. दुधाचा, उटण्याचा, नुकत्याच मोडलेल्या झोपेचा वास. त्याने माझं बोट धरलं. त्याला अजून कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मी लस दिली, बाळ परत वर गेलं. काकी तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तुळशीचं पान बुडवून त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं. सुईला रडला नव्हता एवढा तो त्या गार पाण्याला रडला.

मी बौद्धवाडीतली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी उच्चारत नव्हतं. खाडीपलीकडच्या वाडीत मला "शिस्टरबाई, बसा" म्हणायचे, शहाळं पुढे करायचे. या दारात मी "गो" होते.

सुई धरलेला माझा हात कधी थरथरला नाही. थरथरते ती जीभ. ही भीती मला आईकडून आली. माझी आई पावसाळा सरला की परक्यांची खळी करायची. माती पसरून, पाणी मारून, लाकडी चोपण्याने दिवसभर चोपायची, मग शेणाने सारवायची. त्या घरांच्या पडव्या तिने खालूनच पाहिल्या. मी सोबत गेले की ती माझं मनगट घट्ट धरून ठेवायची, मी पायरीला शिवू नये म्हणून. मनगटावरची ती पकड अजून आहे. आईच्या हातात आता ताकद नाही, तरी आहे.

त्यात माझी नेमणूक कंत्राटी. दरवर्षी नव्याने. तात्या आरोग्य केंद्राच्या समितीवर. नेमणूक थांबायला त्यांचा एक फोन पुरतो, असं केंद्रातले आमचे साहेबच हसत हसत म्हणायचे. जामसंड्याच्या भाड्याच्या खोलीत आई आणि मी. तिचं औषधपाणी माझ्या नोकरीवर. म्हणून प्रत्येक फेरीला पेटी सावलीत, मी उन्हात.

मग मला जिल्ह्याचा पुरस्कार जाहीर झाला. सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या उत्कृष्ट परिचर्येसाठी. पावसात तरीच्या होडीतून खाडी ओलांडून मी केलेलं लसीकरण, घरोघरी जाऊन शोधलेले गोवराचे रुग्ण, हे सगळं कुणीतरी वर कळवलं होतं. गावाने ठरवलं, आधी आपण सत्कार करू. आणि गावाचा प्रत्येक कार्यक्रम जिथे होतो तिथेच हाही ठरला. तात्यांच्या खळ्यात.

मी साहेबांना म्हटलं, शाळेत करू या का. ते फायलीतून मान न काढता म्हणाले, "कंत्राट संपत आलंय ना तुमचं? शहाण्यासारखं वागा."

सत्काराच्या दिवशी मी आईने इस्त्री केलेली पांढरी साडी नेसले. खळं नुकतंच सारवलेलं. वर झावळ्यांचा मांडव, त्यातून गळणारे उन्हाचे कवडसे. पडवी हेच व्यासपीठ. वर तात्या, साहेब, पाहुणे. आणि मधल्या टेबलावर, केंद्रातून मागवून, स्वच्छ पुसून, अबोलीचा हार घालून, माझी निळी पेटी. शोभेसाठी मांडलेली.

माझी खुर्ची खाली होती. पायरीशी. एकटी.

मी त्या पेटीकडे पाहत राहिले. ती वाहून माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला आहे. तिला हार होता, सावली होती, टेबल होतं.

भाषणं झाली. माझं नाव पुकारलं गेलं. मी पायरीशी जाऊन उभी राहिले. तात्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली नाही. शाल आणि नारळ तबकात ठेवून, तबक वरच्या पायरीवर ठेवून, ते दोन पावलं मागे सरले. तोंडभर हसत म्हणाले, "उचल गो बाय. मान तुझोच आसा."

फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. कानात समुद्र शिरल्यासारखा आवाज. मला आईची खोली दिसली, तिच्या गोळ्यांची पट्टी दिसली. वाकले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. मनगटावर ती पकड आवळली.

मी वाकले नाही.

"तात्यानू," मी म्हटलं, "जंय पेटी, थंय मी."

मागून कुणीतरी म्हणालं, "शिस्टरबायक आता पडवी होयी." हशा पिकला. हसू विरायच्या आत मी चपला काढून पायऱ्या चढले होते. पडवीची फरशी गार होती. इतकी गार, की तळव्यांना ती आधी चटक्यासारखीच लागली. मी पेटीवरचा हार काढून टेबलावर ठेवला. पट्टा खांद्याला लावला.

काकी भिंतीशी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पडवी बाटयलंस गो."

सगळ्यांच्या देखत तशीच पायऱ्या उतरले. तबक तिथेच राहिलं.

त्यानंतर साहेब माझ्याशी बोललेले नाहीत. कंत्राटाचं अजून काही कळलेलं नाही. फोन वाजला की आधी नंबर तपासते. आई ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघते. मी धीट झालेले नाही. विचारणा झाली, तर जो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगेन, एवढं पाठ करून ठेवलं आहे.

त्या घरातल्या बाळाचा गोवराच्या डोसाची वेळ आता आली आहे. लस त्याची आहे. ती मी चुकू देणार नाही. हातात नेमणूक असेपर्यंत त्या घरी मीच जाणार. काकी खळ्याकडे बोट दाखवतील. मी पायऱ्या चढेन, पडवीवर बसेन, पेटी माझ्या बाजूला ठेवेन आणि बाळ मांडीवर मागेन.

भीती सोबत येईलच. तिलाही मी वर घेऊन जाईन, सावलीत बसवीन. खळ्यात आता आमच्यापैकी कुणीही उभं राहणार नाही.