आधी आवाज ऐका

काका आमच्याकडे आले की बोट वाकवून दाराच्या चौकटीवर टकटक करायचे. दार सताड उघडं असलं तरी करायचे. मग माठावर, नव्या खुर्चीवर, जे समोर येईल त्यावर. "आधी आवाज ऐका, बाबूजी," हे त्यांचं पालुपद. एकदा सदर बाजारात त्यांनी ढीगभर खरबुजं ठोकून एक निवडलं आणि ते अगदी पांचट निघालं. आवाज बरोबर होता, चव त्यानं लपवली, असं काकांनी सांगितलं.

गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकं ठोकत जाणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. झाशी स्टेशनात ते काम काकांचं. चाक धड असलं की खणखणीत बोलतं, तडा गेला असला की बद्द. मी तिथेच पार्सल ऑफिसात बाबू, आणि रेल्वे कॉलनीत त्यांचा शेजारी. त्यांचं घराणं पेशव्यांच्या काळात इकडे आलेलं, माझी नुसती बदली झालेली. त्यांच्या मराठीत मधूनच बुंदेली डोकावायची, आणि आम्ही घरात त्यावर हसायचो.

माझी धाकटी शालू दुसरीत दोनदा नापास झाली होती. गोष्ट एकदा ऐकली की तिला पाठ व्हायची, पण पुस्तक उघडलं की अक्षरं ओळख देत नसत. काल वाचलेला शब्द आज तिला नवा. रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसायचो आणि रोज ती रडत उठायची. खरं सांगतो, मी मारायचोही. मला तो आळस वाटायचा. शाळेच्या मोठ्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावलं होतं की यंदाही नापास झाली तर नाव काढून घ्या. मी मनातून तयारही झालो होतो. घरकाम शिकेल, असं बायकोला समजावत होतो.

एका संध्याकाळी माझा हात उठलेला असतानाच चौकटीवर टकटक झाली. काका आत आले, शालूला शेजारी बसवलं, पुस्तकातला एक धडा तिला वाचून दाखवला आणि त्यावर प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली.

"बाबूजी, चाक खणखणीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही नुसते ठोकताय, ऐकत नाही."

मला राग आला. चाकं ठोकणाऱ्यानं मला शिकवावं, म्हणून जरा जास्तच आला.

दुसऱ्या दिवसापासून शालू त्यांच्या ओट्यावर बसू लागली. परातीत रेती पसरून ते तिला बोटानं अक्षर गिरवायला लावत. मग शब्द पाटावर ठोकत, एका अक्षराला एक ठोका. तिनं तसेच ठोके देत तो शब्द म्हणायचा. अडली की काका शब्द सांगत नसत, बिडी पेटवत. शालूला ते बुंदेलीत लाडानं बिन्नू म्हणत. "बिन्नू, सगळी चाकं पाहिल्याशिवाय गाडी सुटते का कधी?" दिवसाला एकच ओळ व्हायची. मी खिडकीतून बघत चडफडायचो.

परीक्षेच्या आठवड्यात ते ड्युटीवरूनच, तेलकट निळ्या डगल्यात, आमच्याबरोबर शाळेत आले. मी लाजेनं चार पावलं मागे चालत होतो. बहनजींच्या टेबलावर त्यांनी सवयीनं टकटक केली, आणि मग हात जोडले.

"बहनजी, बिटिया पढ़ने में धीमी है, समझने में नहीं. सवाल आप बोल दीजिए, जवाब वो बोल देगी."

बहनजींनी परीक्षेचा पेपर पुढ्यात ओढला. मग त्यांनी शालूला जवळ बोलावलं आणि पहिला प्रश्न वाचला.

शालू तिसरीत गेली. वाचन तिचं सावकाशच राहिलं, पण घरात तिच्यावर पुन्हा हात उठला नाही. काकांची मी कधी माफी मागितली नाही. ते राहूनच गेलं.

निवृत्त होऊन काका एरचला, बेतवेकाठी, पुतण्याकडे राहायला गेले. शालू नववीत असताना त्या पुतण्याचं पत्र आलं. काका गेल्याचं पहिल्याच ओळीत होतं. पुढचं मला वाचवेना.

शालूनं पत्र माझ्या हातातून घेतलं. ओळीखाली बोट ठेवून, अडेल तिथे टेबलावर ठोके देत, ती मोठ्यानं वाचू लागली. शेवटच्या आजारात काका येईल त्याला विचारायचे, बिन्नू आता कितवीत आहे. त्या ओळीवर ती थांबली. शब्द अवघड नव्हता.

मी ती पुढे वाचेपर्यंत थांबलो.