कोळसा परत नेणारा माणूस

रेल्वेचा कोळसा पळवताना जगात पुष्कळ लोक पकडले गेले असतील, पण तोच कोळसा परत नेऊन ठेवताना पकडला गेलेला माणूस साऱ्या जगात एकच, आणि ते माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून इथंही तसंच लिहिते.

मामा दौंडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. दिवसभर फावड्यानं कोळसा आगीत लोटणारा हा माणूस ड्यूटी संपली की इंजिनांच्या शेडच्या फाटकाशी थांबायचा आणि टोपी, सदरा, पायजमा खसाखसा झटकायचा. वहाणा काढून एकमेकींवर आपटायचा. तेही फाटकाच्या आत उभं राहून, कारण बाहेर सांडलेली भुकटी मालकाच्या हद्दीबाहेर गेली, असा त्यांचा हिशेब. आत्या म्हणायच्या, "ह्यांचं चाललं तर नाकातलं काळं बी तिथंच शिंकरून येतील." ते तसंही करून येत असत, असं माझ्या यजमानांचं म्हणणं. बाकीचे लोक इंजिनातलं कढत पाणी घेऊन चहा करायचे, तेव्हा मामा कोपऱ्यात बसून माठातलं पाणी प्यायचे. मला बघायला शिरूरला आले तेव्हाची गोष्ट तर माझ्या माहेरी अजून सांगतात. वडिलांनी कौतुकानं शेजारच्या वावरातले हरभऱ्याचे चार ढाळे उपटून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मामांनी ते उचलले आणि वावराच्या मालकाला शोधत निघाले. तो बिचारा दाढी करत बसला होता. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यानं यांना हात जोडले आणि वर टोपलंभर ढाळे दिले. मग मामांनी खाल्ले. वडील मला आत येऊन म्हणाले, घर चांगलं आहे, पण तू जरा जपून राहा.

मी जपून राहिले नाही, तेच आज लिहायला बसले आहे.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांची जनावरं छावणीत गेली, तशा गोवऱ्या दिसेनाशा झाल्या. सरपण नाही, रॉकेलला रांग. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका दुपारी बादल्या घेऊन रुळांकडं जात, इंजिनावरून पडलेले खडे वेचत. आत्यांनी मला हळूच पाठवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, इंजिनाच्या तोंडातून सांडलेला घास उचलला तर चोरी कसली? पण खरं सांगते, आठवडाभरातच मी सांडण्याची वाट बघणं सोडलं. उभ्या असलेल्या कोळशाच्या डब्याच्या चाकावर पाय देऊन, हात घालून चांगले नारळाएवढे खडे ओढू लागले. काय ती धडधड आणि काय तो आनंद! आत्यांनाही मी ते वेचलेलेच सांगितले. न्हाणीत आडोशाला झाकून ठेवलेलं पोतं भरत चाललं. भाकऱ्या टम्म फुगू लागल्या, आणि मामा कौतुकानं म्हणू लागले की सुनेच्या हाताला गुण आहे. त्यांना वास कसा आला नाही म्हणाल, तर वीस-पंचवीस वर्षं कोळशात काढलेल्या त्या नाकाला कोळसा कळतच नव्हता.

दातांना मात्र कळला. मामा रोज सकाळी चुलीतली राख चिमटीत घेऊन दात घासायचे. एके दिवशी त्यांनी बोट तोंडात घातलं आणि थांबले. जीभ फिरवली, थुंकले, पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा थुंकले. मग ओट्यावर बसून शांतपणे म्हणाले, "ही गोवरीची राख न्हाई. ही आमच्या इंजनाची हाय."

आत्यांनी दुष्काळापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या धुरानं सुजलेल्या डोळ्यांपर्यंत आल्या. मामा ऐकून घेत होते. कुणी आणला, हे त्यांनी विचारलंच नाही. दोन दिवस चुलीवरचं काही खाल्लं नाही, भिजवलेले हरभरे आणि गाजरं चावत बसले. आत्या म्हणाल्या, घोडं बाळगलंय मी घरात. आणि रविवारी सकाळी, विहारात वंदनेला जायचे पांढरेशुभ्र कपडे घालून, मामांनी ते पोतं डोक्यावर घेतलं. आत्या म्हणाल्या, अंधार पडल्यावर तरी न्या. मामा म्हणाले, अंधारात चोर जातात.

साऱ्या कॉलनीतून ती मिरवणूक निघाली. पुढं मामा, मागं पोरं, कुत्री, दारादारांत बायका, आणि सगळ्यांत मागं पदर डोळ्यांपर्यंत ओढून मी. फाटकाशी पहारेकऱ्यानं हात आडवा केला. पोत्यात काय, तर कोळसा. कुठून आणला, तर घरातून. कुठं चालवला, तर शेडात. पहारेकरी गोंधळला. त्याच्याकडच्या छापील कागदावर माल बाहेर नेणाऱ्याचीच सोय होती, आत आणणाऱ्याची नव्हतीच. शेवटी त्यानं बाहेर नेताना धरला असंच लिहिलं, आणि मामांना पोत्यासकट बसवून ठेवलं.

मंगळवारी साहेबापुढं चौकशी होती. मामांच्या सर्व्हिसबुकात तोवर एक शेरा नव्हता, आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी घरी कुणाला न सांगता निघाले. वाटभर एकच वाक्य घोकत होते, साहेब, कोळसा मी आणला. दारात पोचले तर आत साहेब विचारत होता, घरात कोळसा आला कसा? मामांनी मान वळवली, मला पाहिलं. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. चोरटी सून म्हणतील, शिरूरपर्यंत बातमी जाईल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मामा साहेबाकडं वळले. "म्या आणला," म्हणाले.

लाल शेरा बसला. निवृत्तीच्या समारंभात बाकीच्यांच्या निष्कलंक सेवेबद्दल भाषणं झाली, मामांच्या नुसत्या दीर्घ सेवेबद्दल झाली. ते हार घालून हसत बसले होते, आणि मला मांडवात बसवेना. पुढं ते गावाकडं, कासुर्डीला राहायला गेले. तिथं एकदा शेंगा फोडता फोडता मी धीर केला आणि म्हणाले, मामा, मी सगळ्यांना खरं सांगून टाकते, यांनाही. त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे माझ्या पुढ्यात टाकले.

"सूनबाई, जल्मात एकदाच खोटं बोललोय," म्हणाले, "तेवढं तरी टिकू दे."

म्हणून टिकवलं. मामा गेले, मागोमाग आत्या गेल्या. मामांच्या माणसांत अजून कुणी म्हणतं, म्हातारा एवढा सरळ, पण कोळशात चुकला बघा. मी मान खाली घालून चहा ओतत राहते. इतकी वर्षं ओतला. आता माझेही केस पिकले, आणि त्यांचा शब्द मोडायला निघाले आहे, तर निदान त्यांना सांगून मोडावा.

मामा, कोळसा मी आणला होता.