बसणारी कोंबडी

मानमोडी आली आणि तीन दिवसांत जनीचं अंगण मुकं झालं. अकरा कोंबड्या एकामागून एक माना वाकड्या करून पडल्या. ठाकुरवाडीखालच्या त्या वाडीत कोंबडा न आरवता उजाडलेला दिवस जनीला आठवत नव्हता. खुराड्याला चुना लावून तिने ते दोन महिने उघडं टाकलं. मग ती सुनेला, हर्षलाला, घेऊन कर्जतच्या बाजारात गेली. अंगण पुन्हा भरायचं होतं, आणि या खेपेला चुकायचं नव्हतं.

शकूर टेंपोतून कोंबड्या विकत होता. "मावशी, गिरिराज न्या. वर्साला दीडशे अंडी. गावठी साठ देईल, ती पण रुसूनफुगून."

"माझ्या सुनंसारखी."

"आई!" हर्षला हसली. "गिरिराजच घ्या."

चार तरण्या तलंगा आणि एक कोंबडा निवडून झाला. तेवढ्यात जनीला पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक तांबडी गावठी कोंबडी दिसली. पोटाखालची पिसं झडलेली. जनीने तिच्या पोटाखाली हात सारला. कोंबडी उठली नाही. अंग फुलवून कुरकुरली आणि तिने मनगटावर चोच मारली.

"ही पन दे."

"ती कापायला आणलीय, मावशी. अंडं नाय देत, नुसती खुडूक बसते."

"म्हनून तर दे रं. अंडी समद्याच घालतील. त्येंच्यावर बसनार कोन?"

तसंच झालं. गिरिराज कोंबड्या मोठं तपकिरी अंडं घालायच्या आणि आपला त्याच्याशी काही संबंध नसल्यागत उकिरड्याकडे निघून जायच्या. जनीने नऊ अंड्यांवर खुणेला कोळशाची रेघ ओढली, टोपलीत पेंढा घातला आणि तांबडीला वर बसवलं.

"परक्याची अंडी वळखली तर फोडील ती," हर्षला म्हणाली.

तांबडीने पंख पसरले आणि डोळे अर्धे मिटले.

सातव्या दिवशी जनीने कुडाच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या काठीत एक अंडं धरलं. "बग गं."

आत लाल रेघांचं जाळं होतं, पळसाच्या पानावरच्या शिरांसारखं. मधोमध एक ठिपका हलत होता. हर्षलाने श्वास रोखला. जनीने आजवर शेकडो अंडी अशी पाहिली होती, तरी तिने ते लगेच खाली ठेवलं नाही. दोन अंडी कोरी निघाली, ती तिने काढली. एकविसाव्या दिवशी बाकीची सात फुटली.

पंधरा दिवसांत पिल्लं थोराड झाली. एका दुपारी अंगणावरून घारीची सावली सरकली. तांबडीच्या गळ्यातून एकच खर्जातला आवाज निघाला. ज्यांच्या आयांना अंड्यांवर बसणंसुद्धा ठाऊक नव्हतं अशी ती पिल्लं, पण त्यांना तो आवाज कळला. सातही धावत तिच्या पंखांखाली शिरली. जागा पुरेना. त्यांच्या पाठींनी ती जमिनीपासून उचलली गेली. तरीही पंख तसेच पसरलेले, नजर आभाळाला भिडलेली.

जनीने पिसांखालचे पिल्लांचे पिवळे पाय मोजले. चौदा. पुन्हा मोजले.

"आई, भाकर करपतेय," आतून हर्षला ओरडली.

जनी जागची हलली नाही.