चौकटीत न मावलेले पाय

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमला ऑफिसात होते. धनजला मामांच्या घरी पोचले तर विहार समितीचे अध्यक्ष ओट्यावर बसून सांगत होते, "मास्तर म्हंजे आपल्या गावाचं भूषण." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांचं उठावशिल्प नाकारलं ते याच माणसाने. जिवंतपणी विचारायचं नाही आणि मेल्यावर गोडवे गायचे...

मामा कामरगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जिभेने तिखट. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेसाठी पायी गेलेल्या गावच्या बाया त्यांना विहाराच्या दर्शनी भिंतीवर कोरायच्या होत्या. त्या तयारीसाठी त्यांनी कोळशाने एक पुरुषभर उंचीचं चित्र काढलं. समोर उभी राहायची माझी आई, त्यांची धाकटी बहीण, शेतातल्या निंदणावरून आल्या आल्या, भेगाळल्या पायांनी. उठावात पुढचा पाय भिंतीतून सगळ्यात जास्त बाहेर येतो, म्हणून मामांनी चेहरा भराभर उरकला आणि पायांवर दिवसचे दिवस घातले.

"शांते, हालू नको."

"चांगले पाय पाह्यजे होते त वहिनीले उभं कराचं होतं, दादा," आई म्हणायची.

समितीने चित्र पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "बाया अनवाणी कायले दाखवता, मास्तर? आता आपले लोक बूट घालून राह्यले."

"गेल्या तशाच दाखवीन. मी चपला चढवनार नाही," मामा म्हणाले. काम तिथेच थांबलं आणि भिंतीला बाजारातल्या चकचकीत फरशा लागल्या. आपल्याच आज्यांच्या पायांची लाज वाटली यांना. मामांनी त्यानंतर छिन्नी हातात धरली नाही.

परवा विहारात शोकसभा झाली. अध्यक्षांनी मामीकडून ते चित्र मागून नेलं होतं, काचेत बसवून भिंतीवर टांगलं होतं. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माहे पाय कुठी हायेत?"

"चौकट तयार भेटली, माय," अध्यक्ष म्हणाले. "कागद खाली जास्त होत होता, म्हनून कापला."

"चेहरा त कोनाचाबी हाय," आई म्हणाली. "दादानं माहे पायच काढले होते."

कापलेला तुकडा शोकसभेच्या मांडवाच्या कचऱ्यात गेला होता. मी सगळ्यांदेखत चौकट उतरवली आणि घरी आणली. आता ती आईच्या खोलीत आहे. घोट्यांशी कागद सरळ कापलेला दिसतो. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.